गावातील जुन्या इमारतींचे वारसा-सर्वेक्षण: आळीतल्या फेरीपासून सुनावणीपर्यंत

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी बांधणाऱ्यांची योजना होती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले हे देऊळ वारशाच्या यादीत असावे, हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. पटवून द्यावे लागते ते आळीतल्या घरांबद्दल, ज्यांच्या मालकांची नावे इतिहासात सापडत नाहीत, ज्यांच्या माडीवर आज पत्रा आला आहे, परंतु ज्यांच्या ओट्यांची सलग रांग, रस्त्याकडे उतरलेली कौलारू पाखी आणि नदीकडे जाणारे बोळ एकत्र राहिले तरच त्या घाटाला आणि त्या देवळाला त्यांचा मूळ परिसर उरतो. अशा संपूर्ण भागाला ‘वारसा परिसर’ म्हणून मान्यता मिळावी, यासाठी घरोघरची नोंद कशी करावी, हे या लेखात सांगितले आहे. लेख नवख्यांसाठी आहे: गावातले शिक्षक, वास्तुकलेचे विद्यार्थी, इतिहासाची आवड असलेले रहिवासी, ज्यांनी हे काम आजवर केलेले नाही पण करायचे ठरवले आहे. उदाहरणे मुख्यतः वाईची घेतली आहेत. पद्धत मात्र पैठण, नाशिक किंवा कोल्हापूरच्या जुन्या पेठेतही तशीच चालते.

पहिली पायरी: नेमके कोणते संरक्षण मागायचे ते ठरवणे

‘हेरिटेज’ हा एकच शब्द लोक तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारके असतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र धरले जाते. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली राज्य संरक्षित स्मारके येतात. आपले काम या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यानुसार गावाच्या विकास योजनेत वारसा इमारती आणि वारसा परिसर यांच्या जतनाची तरतूद करता येते, आणि आपण जी यादी तयार करणार आहोत ती या चौकटीत बसायची आहे. तिच्यात घर आले म्हणून घराची मालकी बदलत नाही, घर सरकारजमा होत नाही, राहत्या माणसाला कोणी बाहेर काढत नाही. बांधकामात बदल करताना किंवा पाडकाम करताना वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्याची एक पायरी वाढते. हे वाक्य स्वतःला पाठ असले पाहिजे, कारण दारोदार ते पन्नास वेळा सांगावे लागणार आहे.

मुंबईत १९९५ मध्ये असे नियम लागू झाले. शहराच्या पातळीवर देशात ते पहिलेच होते. तिथे रुळलेली तीन श्रेणींची रीत पुढे इतरत्रही स्वीकारली गेली. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात आणि त्यांना मजबुतीसाठी लागणाऱ्या अगदी किमान कामापलीकडे हात लावायचा नसतो. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाच्या वास्तू येतात; तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे पोटभाग असतात आणि आतल्या बदलांना बरीच मोकळीक असते. तिसरी श्रेणी गावाच्या एकूण दृश्यरूपाला महत्त्वाच्या इमारतींची. आळीतली बहुतेक घरे या तिसऱ्या श्रेणीत बसतात, आणि मुरलेले सर्वेक्षकसुद्धा घाई करतात ती नेमकी याच श्रेणीत.

दुसरी पायरी: चालायला निघण्यापूर्वी कागद गोळा करणे

भूमी अभिलेख कार्यालयातून नगर भूमापनाचा नकाशा आणि निवडलेल्या भागातील मिळकत पत्रिकांच्या प्रती काढाव्यात. गावात तिला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात, आणि क्रमांकाला सिटी सर्व्हे नंबर. घराला नाव असो वा नसो, आपल्या नोंदीत घराची ओळख हा क्रमांकच राहील. ‘जोश्यांचा वाडा’ असे लिहिलेत तर त्याच आळीत तीन जोश्यांचे वाडे निघतात. नगरपरिषदेतून मंजूर विकास योजनेचा नकाशा घ्यावा आणि त्यावरील रस्तारुंदीच्या रेषा लाल शाईने आपल्या नकाशावर उतरवून घ्याव्यात. ही रेषा ज्या ओट्यांवरून आणि दर्शनी भिंतींवरून जाते ती घरे सर्वांत आधी धोक्यात येतात, म्हणून त्यांची नोंदही सर्वांत आधी करायची. घरपट्टीच्या जुन्या आकारणी नोंदवह्या पाहायला मिळाल्या तर उत्तमच. घर केव्हा वाढवले, माडी केव्हा चढवली, याचा माग त्यांत लागतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आपल्या जिल्ह्याचा खंड वाचून गावाविषयीची पाने सोबत ठेवावीत. आळीतल्या लग्नमुंजींच्या जुन्या छायाचित्रांत मंडपामागे घरांच्या दर्शनी भिंती दिसतात, त्यांचीही विचारणा करावी. असा एखादा फोटो कधी कधी सरकारी कागदापेक्षा अधिक सांगून जातो.

तिसरी पायरी: परिसराची हद्द

पहिले दोन दिवस काही लिहू नये, फक्त चालावे. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा आळ्या आपापल्या घाटाशी जोडलेल्या आहेत, आणि हिवाळ्यात कृष्णामाईचा उत्सव घाटाघाटांवर आळीपाळीने होतो. इथे हद्द आखताना आळी आणि तिचा घाट हे एकच एकक धरावे. रस्त्याच्या मध्यातून रेषा ओढून एक बाजू आत आणि दुसरी बाहेर ठेवली, तर समोरच्या बाजूला पाच मजली इमारत उभी राहते आणि आत घेतलेल्या ओळीला काही अर्थ राहत नाही. म्हणून हद्द शक्यतो घरांच्या परसांच्या मागून न्यावी.

मोकळ्या जागाही हद्दीत घ्याव्यात. वाडा पडून राहिलेली बखळ, पार, आड, हौद, बोळ, घाटाच्या पायऱ्या, धुण्याचे दगड, या सर्वांना क्रमांक द्यावा. बखळ वगळण्याचा मोह होतो, कारण तिथे नोंदवण्याजोगे काही दिसत नाही. पण उद्या तिथे काय आणि किती उंच उभे राहते यावर दोन्ही बाजूंच्या घरांचे भवितव्य अवलंबून असते. शिवाय पडलेल्या वाड्याचे जोते बहुधा शाबूत असते आणि त्यावरून चौकाची मापे मिळतात.

चौथी पायरी: नोंदपत्रक

नोंदपत्रक एका घराला दोन पानांपेक्षा मोठे नसावे. त्यात सिटी सर्व्हे नंबर, आळी, मालकीचा प्रकार (खासगी, देवस्थान, विश्वस्त संस्था, शासकीय), सध्याचा वापर, मजले, दर्शनी रुंदी, बांधकामाचे साहित्य, छप्पर, लक्षणीय भाग, झालेले बदल, सद्यस्थिती, महत्त्व आणि प्रस्तावित श्रेणी एवढे रकाने पुरतात. मालकाचा दूरध्वनी, भाडेकऱ्यांची संख्या, वाटणीचे वाद असा मजकूर या पत्रकात येऊ देऊ नये. पत्रक पुढे सार्वजनिक होते.

मात्र एक रचना मी प्रत्येक पत्रकात आग्रहाने ठेवतो. माहितीच्या प्रत्येक विधानापुढे ‘पाहिले’, ‘सांगितले’ किंवा ‘कागद’ यांपैकी एक खूण करायची. माझ्या सुरुवातीच्या एका सर्वेक्षणात, गावाचे नाव इथे सांगत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘वाडा अडीचशे वर्षांचा आहे’ असे सांगितले आणि मी ते बांधकामकाळाच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवले. सुनावणीत हरकत घेणाऱ्याच्या वकिलांनी आकारणीची नोंद पुढे केली. आगीनंतर समोरचा सोपा आणि माडी विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने बांधल्याचे त्यात स्वच्छ लिहिले होते. जुने जोते, तळघर आणि मागचा चौक खरोखरच आधीचे होते, पण माझ्या पत्रकात हा भेदच नव्हता. एक रकाना खोटा ठरला आणि त्या दिवशी त्या आळीच्या उरलेल्या बावीस पत्रकांकडेही संशयाने पाहिले गेले. घरातल्या माणसांची काही चूक नव्हती. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितले तेच त्यांनी मला सांगितले. चूक नोंद करणाऱ्याची होती. म्हणून ऐकीव माहिती जरूर लिहावी, तिला मोल आहे, पण ती ऐकीव आहे हेही त्याच ओळीत लिहावे.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष फेरी

काम दोघांनी करावे, एकाने लिहावे आणि दुसऱ्याने मापे व छायाचित्रे घ्यावीत. जोडीत एक तरी गावचा माणूस असावा. ऋतू कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा चांगला. पावसाळ्यात दर्शनी भिंतींवर प्लॅस्टिकचे कागद आणि झावळ्या बांधलेल्या असतात. छायाचित्रांचा क्रम सर्व घरांसाठी एकच ठेवावा: आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून घर शेजाऱ्यांसह, मग समोरून, मग दरवाजा, खांब, खिडकी यांचे जवळून. शेजाऱ्यांसह घेतलेले चित्र सर्वांत महत्त्वाचे, कारण परिसराचे म्हणणे त्यातच दिसते. घरातल्या माणसांचे चेहरे, देवघर आणि मौल्यवान वस्तू टिपू नयेत, आणि घरात शिरण्यापूर्वी विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये.

दारात उभे राहून बोलण्याची पद्धत ही या कामातली खरी विद्या आहे. एका आळीत दिंडी दरवाजातून आजी डोकावल्या. आम्ही म्हणालो, “आजी, नमस्कार. आळीतल्या जुन्या घरांची नोंद करतोय. तुमची परवानगी असेल तर ओसरीपर्यंत येऊ का?” त्यांनी आमच्या हातातल्या पाटीकडे पाहिले आणि विचारले, “हे सगळं लिहून नेल्यावर घर सरकारचं होतं का रे बाळा?” आम्ही ओट्यावर बसलो, कोरे पत्रक त्यांच्या हातात दिले, प्रत्येक रकाना वाचून दाखवला आणि मालकी कशी अबाधित राहते ते सांगितले. वीस मिनिटे गेली. मग त्या उठल्या आणि स्वतःच म्हणाल्या, “बळद बघितलंत का? चला, दाखवते.” भिंतीच्या पोटात बांधलेली ती धान्याची कोठी बाहेरून कोणालाच दिसली नसती. नकार मिळाला तर मात्र आग्रह धरू नये. रस्त्यावरून दिसते तेवढे नोंदवावे आणि ‘आत पाहिले नाही’ असे लिहावे.

सहावी पायरी: घराचे वय वाचणे

हा भाग सर्वांत रंजक आणि सर्वांत निसरडा. जुने घर एका वर्षी बांधलेले क्वचितच असते, म्हणून घराचे वय न लिहिता भागाभागाचे वय लिहावे आणि वाचन खालून वर करावे. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात रचलेल्या पातळ चपट्या विटा, वर पांढऱ्या मातीची भिंत, सागवानी खांब आणि तुळया, त्यांवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या बसवलेली तक्तपोशी, ही पेशवाईच्या काळातल्या वाड्यांची ओळखीची बांधणी आहे. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले सुरुदार खांब आणि त्यांच्यामधल्या लाकडी महिरपी त्याच परंपरेतल्या. पण एकोणिसाव्या शतकातही सुतारांनी तशीच घडण चालू ठेवली, त्यामुळे केवळ खांब पाहून काळ ठरवू नये.

त्यापेक्षा ‘यापूर्वीचे असू शकत नाही’ असे सांगणारे पुरावे अधिक भरवशाचे. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, तेव्हा मंगलोरी कौलांचे छप्पर त्याआधीचे असणे शक्य नाही. कौल उलटे करून पाहिले की कारखान्याचे नाव उठवलेले दिसते. पण छप्पर नंतर बदलले असण्याची शक्यता नेहमीच असते, म्हणून वाशांवर आणि रिपांवर देशी नळीच्या कौलांच्या आधीच्या मांडणीच्या खुणा शोधाव्यात. लोखंडी तुळयांच्या मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरे असतात. साकची, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांचे पोलाद १९१२ मध्ये निघू लागले, तेव्हा देशी पोलादाची तुळई त्यानंतरची, आणि विलायती नाव असेल तर ती बहुधा बंदरातून रेल्वेने आलेली. पोर्टलंड सिमेंटचे नियमित उत्पादन भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले. गावातल्या घराचा सिमेंटचा गिलावा बहुधा त्याहून पुष्कळ नंतरचा असतो.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. चुना आणि माती यांची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट चढवले की ओल आत कोंडते, जोत्याच्या वर हातभर उंचीवर पापुद्रे सुटू लागतात, आणि मालक समजतो की भिंतच कुजली आहे. नोंद करताना हे कारण लिहावे, कारण अशी भिंत पाडावी लागत नाही, तिचा गिलावा काढावा लागतो.

चौकटीवर, देवळीवर किंवा आडाच्या कठड्यावर शक कोरलेला असला तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावे. मात्र शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने इंग्रजी वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. लेखाचा ठसा न घेता तिरप्या उजेडात छायाचित्र काढावे, दगडाला इजा होत नाही.

सातवी पायरी: स्थिती आणि बदल

स्थिती ‘चांगली’, ‘मध्यम’, ‘दुरुस्तीची तातडी’ अशा शब्दांत लिहावी आणि प्रत्येक शब्दाला एका दृश्य कारणाची जोड द्यावी: तुळईचे भिंतीतले टोक कुजले आहे, पागोळीचे पाणी जोत्यावर पडते, पिंपळाचे रोप भिंतीत रुजले आहे. ‘धोकादायक’ हा शब्द संरचना अभियंत्याच्या तपासणीशिवाय पत्रकात कधीही लिहू नये. पाडकामाच्या नोटिशीत हाच शब्द येतो, आणि वारसा वाचवण्यासाठी केलेली नोंद नेमकी पाडकामाच्या समर्थनार्थ वापरली जाऊ शकते.

बदलांची नोंद करताना ते काढता येण्याजोगे आहेत का हे पाहावे. ओसरीला लावलेले शटर, खिडकीत बसवलेला वातानुकूलक, दर्शनी भागावरचा दुकानाचा फलक यांनी घर विद्रूप दिसते, पण ते दोन दिवसांत निघू शकतात. लाकडी माडी काढून टाकलेला स्लॅब निघू शकत नाही. नवखे सर्वेक्षक पहिल्याला घाबरून घर वगळतात आणि रंग नवा आहे म्हणून दुसऱ्याला चांगले गुण देतात.

आठवी पायरी: महत्त्व, श्रेणी आणि नकाशा

महत्त्वाचे विधान तीन-चार वाक्यांचे असावे आणि त्यात ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘वैभवशाली’ असे शब्द येऊ नयेत. वास्तुरचना, इतिहास, काळ, वापर, व्यक्ती किंवा घटनांशी असलेला संबंध आणि समूहातले स्थान, या कसोट्या मुंबईच्या यादीनेही वापरल्या आहेत. आपल्या घराला त्यांपैकी कोणत्या आणि का लागू होतात एवढेच लिहावे. परिसरासाठी शेवटची कसोटी, म्हणजे समूहमूल्य, सर्वांत जड. वाईपासून जवळच असलेल्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट, घाटावरची देवळे आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या तर प्रत्येकीचा निम्मा अर्थ हरवतो. हेच साध्या आळीलाही लागू आहे.

नकाशावर तीन रंग पुरतात: परिसराला भर घालणारी घरे, बदललेली पण मूळ अंगलट राखलेली घरे, आणि परिसराशी विसंगत इमारती. तिसऱ्या रंगाच्या घरांनाही पत्रक करावे. ती पुढे नव्याने बांधली जातील तेव्हा उंची, ओट्याची रेषा आणि छपराचा उतार यांबाबत नियम सुचवण्याची संधी तिथेच असते.

नववी पायरी: रहिवाशांची सभा, मग नगरपरिषद

मसुदा यादी नगरपरिषदेकडे देण्यापूर्वी आळीच्या देवळात किंवा शाळेत सभा घ्यावी आणि प्रत्येक घराचे पत्रक त्या घराला दाखवावे. मुंबईत २०१२ मध्ये आठशेहून अधिक इमारती आणि परिसरांची वाढीव यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा दादरच्या शिवाजी पार्क भागासह अनेक ठिकाणच्या रहिवाशांनी तीव्र हरकती घेतल्या. पुनर्विकास अडेल ही त्यांची भीती होती, आणि तिला उत्तर देणे यादी करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. गावातल्या अडचणी तर अधिक बिकट असतात: एका वाड्याचे अकरा हिस्सेदार, त्यांतले सात पुण्यात आणि दोन परदेशात, दरमहा नाममात्र भाडे देणारे जुने भाडेकरू, आणि घर शाकारायला मिळेनासा झालेला कारागीर. या माणसांना संस्कृतीचे भाषण देऊ नये. दुरुस्तीची परवानगी किती दिवसांत मिळेल, आत स्वयंपाकघर आणि शौचालय नव्याने करता येईल का, हस्तांतरणीय विकास हक्काचा (जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा) लाभ आपल्या गावात मिळू शकतो का, हे नगररचना कार्यालयात आधी विचारून त्याची उत्तरे लेखी घेऊन जावीत. ज्याचे उत्तर मिळाले नाही त्याला ‘मिळाले नाही’ असे सभेत सांगावे.

पुढे यादी प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागवल्या जातात आणि सुनावणी होते. सुनावणीला प्रत्येक घराचे पत्रक, मूळ छायाचित्रे आणि ज्या कागदाचा आधार घेतला त्याची प्रत सिटी सर्व्हे नंबरच्या क्रमाने लावून न्यावी, म्हणजे विचारल्याबरोबर पान उघडता येते. हरकत योग्य वाटली तर तिथल्या तिथे मान्य करावी आणि पत्रकावर तारखेसह दुरुस्ती लिहावी. खाडाखोड करू नये, जुना मजकूर वाचता आला पाहिजे.

संचाची एक प्रत नगरपरिषदेत, एक गावच्या वाचनालयात आणि एक तालुक्याबाहेर ठेवावी, कारण नदीकाठच्या गावात कागदांनाही पुराचे भय असते. दर वर्षी पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या आसपास, तीच पत्रके घेऊन त्याच क्रमाने आळीतून पुन्हा चालावे आणि कोणत्या भिंतीने या पावसात पोट काढले, कोणत्या ओट्याचा दगड सरकला, कोणत्या घराला नव्याने कुलूप लागले, हे तारखेसह खाली लिहीत जावे.